तुमच्यात कोण कशानं गेलं?

माझी शालन आत्या कुणाच्याही घरी गेली, की पाण्याचा तांब्या हातात यायच्या आत विचारायची, "तुमच्यात कोण कशानं गेलं?" बारसं असो, साखरपुडा असो, नव्या घराची वास्तुशांत असो, तिचा पहिला प्रश्न हाच. समोरची बाई गडबडायची. "आवं, आजच्या दिवशी काय विचारताय ह्ये?" म्हणायची. आत्या तांब्या खाली ठेवायची आणि शांतपणे म्हणायची, "आज समद्या जमल्यात म्हणून विचारतेय. आजी कशानं गेली तुमची? मावशी कशानं? पोटात पाणी झालं, असं सांगू नका. पाणी आपोआप हुईत न्हाई."

इस्लामपूरच्या आसपास आमच्या नात्यातल्या गावांत तिला सगळे सुभेदारीण म्हणत. तिचे यजमान फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि दोघांनी सांगलीत विश्रामबागला घर बांधलं. त्याआधीची सगळी वर्षं तिनं छावण्यांमधून काढली होती. त्यामुळे तिच्या बोलण्यात आमची वाळव्याकडची भाषा आणि फौजेतली हिंदी यांची भेसळ असे. "फालतू बात नको, रिपोर्ट दाव," हे वाक्य ती डॉक्टरांच्या दारात बसलेल्या अनोळखी बाईलाही ऐकवायची. पाचवारी साडी, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट आणि बुडाखाली स्कूटर. नवऱ्याला ती "आवं सुभेदार" अशी हाक मारायची आणि तो भला माणूस हातातलं काम टाकून उभा राहायचा. चहा मात्र त्या घरात तेच करायचे. तिच्या हातचा चहा कुणाच्या घशाखाली उतरत नसे.

आमच्याकडे कॅन्सरचं नाव घेत नाहीत. 'मोठा आजार' म्हणतात, 'त्ये' म्हणतात, नाहीतर नुसतीच मान हलवतात. आत्याला हे अजिबात खपायचं नाही. एकदा एका लग्नात पंगत बसलेली असताना शेजारची म्हातारी तिच्या कानात कुजबुजली, "आमच्या थोरलीला त्ये झालंय म्हणं." आत्या तिथल्या तिथे खड्या आवाजात म्हणाली, "त्ये म्हंजे काय? कॅन्सर म्हणा. नाव घेतल्यानं येतंय व्हय? आमच्या घरात कुणीच नाव घेतलं न्हाई कवा. तरी आला की." वाढपी जिलबीचं ताट घेऊन तसाच थांबला. ती म्हातारी पुढच्या महिन्यात थोरलीला घेऊन विश्रामबागला आत्याच्या घरी आली, हेही सांगायला हवं.

ही बाई जन्मतः अशी नव्हती. मी लहान असताना दिवाळीला यायची ती आत्या खळखळून हसणारी, उखाण्यात नवऱ्याला चिडवणारी होती. ती बदलली ती माधुरी गेल्यावर.

आमची आजी पोट फुगून गेली. तेव्हा कुणीतरी करणी केली म्हणून सांगितलं गेलं. मग आत्याची धाकटी बहीण नंदा. तिला म्हसवडला दिली होती. छातीत गाठ निघाली, सांगलीत उपचार झाले, तिशीतच ती गेली. आणि मग माधुरी, आत्याची एकुलती एक लेक. लग्नाला काही वर्षं होऊनही दिवस राहत नाहीत म्हणून सासरच्यांनी तिला डॉक्टरकडे नेलं, तर सोनोग्राफीत अंडाशयाला गाठ दिसली. तोवर दुखणं सगळ्या पोटात पसरलं होतं. माधुरी माझ्याहून मोठी. माझ्या वेण्या तिनं घातल्यात, सायकल तिनं शिकवली. शेवटच्या दिवसांत ती उशाशी आरसा ठेवू देत नसे.

माधुरीवर उपचार चालू असताना डॉक्टरीणबाईंनी आत्याला घरच्या आजारांबद्दल विचारलं. आत्यानं आईचं सांगितलं, नंदाचं सांगितलं. नंदाचं नाव, गाव ऐकून बाईंनी पेन खाली ठेवलं. नंदावर त्यांनीच उपचार केले होते. त्या म्हणाल्या, "अहो, तुमच्या भावाला मी तेव्हाच सांगितलं होतं. हा आजार तुमच्या रक्तातून येतोय असं दिसतंय, घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या, बहिणीला आवर्जून सांगा, असं म्हटलं होतं. तुम्हाला काहीच बोलले नाहीत?"

तिचा भाऊ म्हणजे माझे वडील. आण्णा.

माधुरीचे दिवस झाल्यावर आत्या आमच्याकडे आली तो दिवस मला जसाच्या तसा आठवतो. मी तेव्हा इस्लामपूरला कॉलेजात होते आणि त्या दिवशी घरीच होते. आण्णा बाहेरच्या सोप्यात पेपर वाचत होते. आत्या आली ती उभीच राहिली.

"नंदाच्या वक्ताला डॉक्टरनी तुला आत बोलवून काय सांगितलं?"

आण्णांनी पेपर घडी घालून ठेवला. "लय वर्सं झाली त्याला. आता काय ध्यानात न्हाई."

"माझ्या हाय. मी भायेर बाकड्यावर बसले हुते. तू भायेर आलास आन् म्हणालास, नशिबाचा भाग. आत काय सांगितलं?"

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. आण्णांनी चष्मा काढून पेपरावर ठेवला. मग त्यांचा आवाज चढला. "सांगितलं असतं तर काय झालं असतं? गावभर झालं असतं. ह्या घरातल्या पोरी कुणी केल्या असत्या? तुझ्या माधुरीचं लगीन झालं नसतं."

"माधुरीचं लगीन झालं नसतं," आत्या म्हणाली. "माधुरी असती."

आत्या रडली नाही, ओरडली नाही. पायांत बूट चढवताना ती एवढंच म्हणाली, "ज्या नावासाठी तू गप बसलास, त्ये नाव आता मी दारोदार घेऊन जानार. आज माझी एक गेली, तर उद्या दुसऱ्या कुनाची जाईल, आसं हुयाची वाट बघनार न्हाई. आन् तू हयात हायस तवर तुला सुखानं बसू देनार न्हाई."

आण्णा गावच्या विकास सोसायटीचे चेअरमन होते. त्यांच्या शब्दाला वजन होतं, त्यांच्याशिवाय भावकीतलं लग्न ठरत नसे. त्यांना वाटलं, बाईमाणूस आहे, दुःखात बोलली, विसरेल. त्यांना बहीण कळलीच नव्हती.

तिनं आधी स्वतःची तपासणी करून घेतली. माधुरीचं रक्त तपासलं गेलं होतं, त्यात जो दोष निघाला होता तोच तिच्यातही निघाला. डॉक्टरांनी समजावल्याप्रमाणे तिनं अंडाशयं काढून घेतली, छातीची दरसालची तपासणी कधी चुकवली नाही. अंगात ताकद आल्या आल्या तिनं पहिली भाऊबीज गाठली.

भाऊबीजेला भावकीतल्या सगळ्या लेकी माहेरी आलेल्या असतात, हे तिनं नेमकं हेरलं होतं. ती आमच्याच घरी आली. ओवाळायला नाही. आण्णांच्या सोप्यात, आण्णांच्या खुर्चीत बसली आणि आईला म्हणाली, "वैनी, गल्लीतल्या समद्या पोरींना बोलव. सुभेदारीण सोनं वाटतेय म्हणून सांग." पोरी आल्या, त्यांच्या आया आल्या. आत्यानं त्यांना सरळ भाषेत सांगितलं. आईत किंवा बापात हा दोष असला, तर प्रत्येक लेकराला तो यायची शक्यता निम्मी. मुलगी असो, मुलगा असो. आमच्यात तो आईकडून आला, तुमच्या घरात दुसऱ्या कुणाकडून आलेला असू शकतो. दोष आला म्हणजे कॅन्सर झालाच असं नाही, पण धोका फार वाढतो. आधी कळलं तर करण्यासारखं पुष्कळ आहे. आणि मग शेवटी, प्रत्येक वेळी, न चुकता, "ह्ये मला माझ्या भावानं सांगायला पायजे हुतं. त्याला ठाऊक हुतं. तो ह्याच घरात ऱ्हातो."

आण्णा माझ्या धाकट्या भावाला, धनाजीला, बरोबर घेऊन मळ्यात निघून जायचे. गल्लीतले बाकीचे पुरुषही पारावर जाऊन बसायचे. आत्या त्यांच्या पाठमोऱ्या आकृत्यांकडे बघत म्हणायची, "जावा. तुमच्या रगतातनं जात न्हाई जनू." दरवर्षी ती आली. आण्णांनी एकदा दाराला कुलूप लावून सगळ्यांना देवदर्शनाला नेलं, तर तिनं समोरच्या घराच्या ओट्यावर सभा भरवली आणि त्या दिवशी आमच्या बंद दाराकडे बोट दाखवून बोलली.

माझ्या लग्नाचं बघायला सुरुवात झाली तेव्हा आण्णांनी फार गुप्तता राखली. कराडकडचं स्थळ होतं. मंडळी आली, पोहे झाले, पसंती झाल्यासारखीच होती. तेवढ्यात दारात स्कूटर थांबल्याचा आवाज आला. आण्णांचा चेहरा पांढरा पडला. आत्या आत आली, मुलाच्या आईशेजारी बसली आणि तिनं तिचा नेहमीचा प्रश्न विचारला. नंतर म्हणाली, "आता आमच्यात कोण कशानं गेलं त्ये मी सांगते. पोरीची तपासनी व्हायची हाय अजून. तुमी नुसती पत्रिका बघून जाऊ नका."

कराडची माणसं परत आली नाहीत. मी संतापले. दुसऱ्या दिवशी एसटीनं सांगली गाठली आणि तिच्या दारात उभी राहून विचारलं, "तू हे माझ्यासाठी केलंस, की आण्णांवर सूड उगवायला?"

ती वाटाणे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "दोन्ही. सूड आधी."

मी रडू लागले, काहीबाही बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं. "चीड खुशाल. चिडायला तू हायस, ह्येच मला लय हाय," असं म्हणून ती सुभेदारांना हाक मारून म्हणाली, "आवं, अनूला चहा करा."

तो चहा पिऊन मी तिच्याबरोबर तपासणीला गेले. दोष माझ्यातही निघाला. समुपदेशन करणाऱ्या बाईंनी कागदावर आमचा वंश काढून दाखवला. आजी, तिच्याखाली आत्या, नंदा, आण्णा. आण्णांच्या नावावर त्यांनी पेन टेकवलं आणि म्हणाल्या, "तुमच्याकडे हे वडिलांकडून आलंय." आत्या माझ्या शेजारी बसली होती. तिनं माझा हात घट्ट धरला होता आणि त्याच वेळी तिच्या ओठांवर एक बारीकसं, वाईट हसू आलं होतं. मला ते दिसलं. त्याचा मला रागही आला नाही. घरी जाऊन मी आण्णांना निकाल सांगितला. ते म्हणाले, "भायेर बोलू नको." बस, एवढंच. त्या दिवसापासून आत्याचं वैर थोडंफार माझंही झालं.

पुढची स्थळं मी स्वतःच बघितली. आधी सांगायचं, ही आत्याची शिकवण. "चहा यायच्या आदी सांग. चहा घेतला की मानूस भिडंला पडतंय. भिडंनं व्हय म्हणतंय आन् घरी जाऊन फोन उचलत न्हाई." सातारचा सागर पाटबंधारे खात्यात इंजिनियर होता. आम्ही राजवाड्यासमोर एका हॉटेलात भेटलो. वेटर यायच्या आत मी सगळं सांगून टाकलं. अंडाशयं काढावी लागतील, कदाचित छातीचंही ऑपरेशन करावं लागेल, मुलांमध्ये हा दोष उतरू शकतो, सगळं.

त्यानं मेनूकार्ड बाजूला सारलं. मग म्हणाला, "मला नीट समजलं नाही. पुन्हा सांगाल का?"

मी पुन्हा सांगितलं. त्यानं मध्ये मध्ये प्रश्न विचारले. शेवटी म्हणाला, "हे घरी मला सांगता येणार नाही. मी गोंधळ घालीन. तुमच्या आत्या येतील का साताऱ्याला?"

आत्या येतील का, हे विचारायची गरज नव्हती. सागरच्या आईंनी तिचं बोलणं ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "आवं, एकच ल्योक हाय मला. कळूनसवरून हे कसं पदरात घिऊ?"

आत्या म्हणाली, "नका घिऊ. तुमचा हक हाय त्यो. पर दुसरी पोरगी आनाल तिच्यात काय हाय, त्ये तुमाला कोन सांगनार हाय? हिचं तरी ठाऊक हाय."

सागरच्या आईंनी बरेच दिवस घेतले. त्या काळात सागर फोन करायचा, पण उगीच धीर द्यायचा नाही. "आई अजून विचार करतीय," एवढंच सांगायचा. मग एक दिवस त्या एकट्याच विश्रामबागला आत्याकडे गेल्या. तिथं काय बोलणं झालं ते दोघींपैकी कुणीच मला कधी सांगितलं नाही. सुभेदार एवढंच म्हणाले, "दोन्ही बाजूंनी फायरिंग झालं. मी तीन वेळा चहा केला." लग्न झालं. आण्णा लग्नात उभे होते, पाहुण्यांना हार घालत होते. आत्या मंडपभर फिरून आपला प्रश्न विचारत होती. आण्णा जिथे जातील, तिथे पाच मिनिटांनी ती पोचायची.

मुलाचं ठरवताना आम्ही पुष्कळ घोळलो. गर्भ शरीराबाहेर तयार करून, तपासून, दोष नसलेलाच आत ठेवता येतो, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आम्ही तो मार्ग एकदा करून बघितला. गर्भ टिकला नाही. इंजेक्शनांनी मी थकून गेले होते. पुन्हा करायचा की नाही याचा विचार चालू असतानाच मला आपसूक दिवस राहिले. आनंद व्हायच्या ऐवजी मी घाबरले. आपण जाणूनबुजून हे पोराच्या पदरात टाकतोय, असं वाटायचं. अन्न गोड लागेना. सागर समजावून दमला आणि मला सांगलीला घेऊन आला.

आत्यानं मला गच्चीवर नेलं. पापड वाळत घातले होते, त्यांच्या कडेला आम्ही बसलो.

"मला एक सांग," मी म्हणाले. "तुला आधी माहीत असतं, तर तू माधुरीला जन्म दिला असतास?"

हा प्रश्न मी तिला विचारीन असं मलाही वाटलं नव्हतं. ती पापड उलटे करत राहिली. सगळे झाल्यावर बोलली.

"दिला असता. पर तिला राखली असती. शिकताना सांगितलं असतं, लग्नाआदी सांगितलं असतं, दरसाल धरून तपासायला नेली असती. तिनं दोन शिव्या दिल्या असत्या मला, आयं, किती मागं लागतीस म्हणून. त्या शिव्या खाल्ल्या असत्या." तिनं कडेचा एक पापड सारखा केला. "काय करायचं त्ये तुमी दोगं ठरवा. मी हू दे बी म्हणत न्हाई, नको बी म्हणत न्हाई. झालंच, तर त्याला अंधारात ठिवू नको. माझं पोर मेलं त्ये रोगानं न्हाई मेलं. अंधारानं मेलं."

मग एकदम तिचा आवाज कोरडा झाला. "आन् अंधार कुनी केला त्ये मी इसरनार न्हाई."

मीराचा जन्म झाला. ती मोठी होईल तेव्हा आम्ही तिला सांगणार आहोत, तपासणी करायची की नाही ते तिचं तिनं ठरवायचं. पुढं मूल नको, असं आम्ही दोघांनी ठरवलं आणि डॉक्टरांनी सुचवलेल्या वयात मी अंडाशयं काढून घेतली. ऑपरेशनला आण्णा आले नाहीत. आई आली, आत्या आली. मी शुद्धीवर आले तेव्हा आत्या खिडकीशी उभी राहून फोनवर बोलत होती. पलीकडे आण्णा होते.

"तुझी पोरगी शुद्धीवर आली. बरी हाय. तुझी हाय, माझी न्हाई. एवढंच सांगायला फोन केला."

आईनं डोळ्याला पदर लावला. मी एकदा सुभेदारांना विचारलं होतं, की तुम्ही तिला सांगून बघा ना, आता आण्णा म्हातारे झाले. ते म्हणाले, "बेटा, मी सांगून बघितलं. ती पहाटे माधुरीची खोली झाडते अजून. झाडून झाली, की तिला परत सगळं आठवतंय. मी काय बोलू?"

गेल्या हिवाळ्यात आत्या गेली. कॅन्सरनं नाही. सकाळी स्कूटर पुसता पुसता छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत संपली. हृदयविकाराचा झटका, असं डॉक्टर म्हणाले. आलेल्या बायका हळूच एकमेकींना विचारत होत्या, "त्येनंच गेली का?" मी प्रत्येकीला मोठ्यानं सांगत होते, "नाही. हार्टनं गेली."

सवाष्ण बाई गेली, की माहेरची साडी भाऊ आणतो. ती अंगावर घातल्याशिवाय तिला उचलत नाहीत. आत्याला हे पक्कं ठाऊक होतं. धडधाकट असताना, मीराच्या एका वाढदिवसाला, केक कापायच्या गडबडीत तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "मी मेले की आण्णा साडी घिऊन ईल. रीत चुकवायचा न्हाई त्यो. तवा त्याला दारात थांबवायचं. म्हणायचं, नंदाच्या डॉक्टरनी काय सांगितलं हुतं त्ये समद्यांच्या म्होरं बोला आन् मग आत या. बोलला, तर साडी घाला. न्हाई बोलला, तर परत."

"मी सांगू? मी त्यांची लेक आहे."

"म्हणून तर तू. सुभेदार मऊ हाय."

अंगणात भावकी जमली होती. पुरुष एका बाजूला फळीवर आणि खुर्च्यांवर, बायका आत. आण्णा आले. धनाजीनं गाडी चालवत आणली होती, त्याच्या हातात साडीची पिशवी होती. आण्णांना काठी लागते आता. ते पायरीपर्यंत आले आणि मी दारात आडवी उभी राहिले. तिचे शब्द मी एकही न बदलता म्हटले. सुभेदार माझ्या मागे येऊन उभे राहिले. त्यांनी मला अडवलं नाही.

आण्णा माझ्याकडे बघत राहिले. त्यांचे ओठ हलले. मला वाटलं, बोलतील. खरंच वाटलं. मी मनातल्या मनात त्यांना म्हणत होते, एक वाक्य बोला, कसंही बोला, मी तुम्हाला हाताला धरून आत नेते.

"ही काय येळ हाय व्हय?" ते म्हणाले.

"हीच आहे," मी म्हणाले.

ते वळले. "धनाजी, चल," म्हणाले आणि काठी टेकत गाडीकडे गेले. धनाजी जागचा हलला नाही. हातातल्या पिशवीकडे बघत राहिला. मग गाडीपाशी जाऊन त्यानं पिशवी आण्णांच्या मांडीवर ठेवली, दार लावून घेतलं आणि परत अंगणात आला.

आत्याला आम्ही सुभेदारांनी आणलेल्या साडीत नेलं. तिरडीला धनाजीनं खांदा दिला. रस्त्याला लागताना आम्ही आण्णांच्या गाडीजवळून गेलो. त्यांना गाडी चालवता येत नाही, ते मागच्या सीटवर तसेच बसून होते, काच वर केलेली. ते उतरले नाहीत. मला त्यांची दया आली नाही. येईल असं वाटलं होतं, पण आली नाही.

स्मशानातून परतल्यावर माणसं अंगणातल्या नळावर हातपाय धूत होती. माझा एक चुलत चुलता, जो दर भाऊबीजेला पारावर जाऊन बसायचा, पंचा पिळत माझ्याजवळ आला. घसा खाकरून म्हणाला, "अनू, आण्णानं काय बोलायचं हुतं गं दारात?" त्याच्यामागे आणखी दोघंतिघं येऊन उभे राहिले. ओल्या पायांनीच. आणि त्यांच्याही मागे धनाजी होता, दोन मुलींचा बाप.

सुभेदारांनी माझ्यासाठी खुर्ची आणून ठेवली. मी बसले आणि सांगायला सुरुवात केली.